भंडारदऱ्याच्या पाण्याची दुसरी बांधणी

अकोले तालुक्यात शेंडी गावाजवळ प्रवरा अडवून बांधलेलं भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं, आणि मागच्या जलाशयाला आर्थर हिल यांचं. ही दोन्ही नावं आता फलकांवर आणि पर्यटकांच्या तोंडीच उरली आहेत. खालच्या शेतकऱ्याला ते नुसतं ‘भंडारदरा’. उंची सुमारे ८२ मीटर, साठा सुमारे ११ टीएमसी, म्हणजे अकराशे कोटी घनफूट. रतनगडाच्या अंगावर कोसळणारा पाऊस इथे अडवायचा, पावसाळा सरला की नदीतूनच खाली सोडायचा आणि संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यावर तो डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचा, अशी योजना. अभियंत्यांनी ती चोख पार पाडली.

तरी धरण पुरं झालं तेव्हा काम निम्मंच झालं होतं. उरलेलं निम्मं माणसांच्या बांधणीचं होतं. त्यासाठी कोणी नकाशा काढला नव्हता, अंदाजपत्रकात त्याला रक्कम नव्हती, आणि ते करायचं आहे हेही फारसं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दख्खनच्या कालव्यांची जुनी अडचण अशी. दुष्काळ निवारण्यासाठी कालवे खणले, पण बाजरी-ज्वारी करणारा शेतकरी बऱ्या पावसाच्या साली कालव्याचं पाणी घेतच नसे. पाणीपट्टी कशाला भरायची? पाऊस दगा देई त्या साली मात्र सगळ्यांनाच एकदम पाणी हवं. खात्याला महसूल मिळेना आणि पाणी वाटायला धड रीतही सापडेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे अभियंता असलेल्या विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. सलग जमिनीचे ब्लॉक पाडायचे, त्यांना काही वर्षं पाण्याची हमी द्यायची आणि ऊस ठरावीक हिश्शातच लावू द्यायचा. कल्पना हुशारीची होती. पण ती वरून खाली आली होती आणि तिचा हिशेब पाण्याचा होता. जमिनी कसणाऱ्यांचं भांडवल, भावकीतले वाटे, सावकाराचं कर्ज, गुळाचा भाव, यांतलं काही त्यात धरलेलं नव्हतं. पाणी आलं तसा ऊस आला, आणि जिथे निचरा नव्हता तिथे पाणथळ आणि चोपणही आली. कालव्यावर भाडेपट्ट्यानं जमीन घेऊन ऊस पिकवणारे बागाईतदार आले. १९३२ साली साखरेला जकातीचं संरक्षण मिळाल्यावर खासगी कारखाने उभे राहिले. बेलापूर कंपनीचा हरिगावचा कारखाना तर त्याच्याही आधीचा.

मूळ गावकऱ्याच्या बाजूनं पाहा. आजोबांच्या वेळी विहीर, मोट आणि पाऊस एवढ्यांशीच गाठ असायची. आता पाटकरी, कालवा निरीक्षक, पाणी मागण्याचा सात नंबरचा अर्ज, आवर्तन कधी सुटणार याची वाट, वरच्यानं रात्री चारी फोडली म्हणून कोरडा राहिलेला टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटचा, तुकडा, आणि कारखान्याचा माणूस. एका दगडी भिंतीनं त्याला न विचारता दहा नव्या माणसांशी बांधून टाकलं होतं.

नवं यंत्र, नवी पद्धत किंवा नवा मालक आला की असंच होतं. यंत्र बसवणाऱ्याला यंत्र दिसतं. त्या यंत्राभोवती माणसांनी आता एकमेकांशी कसं वागायचं, कुणी कुणाला विचारायचं, चूक झाली तर ती कुणाच्या माथी, हे दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ही न दिसणारी बाजू नीट पाहण्याची एक विद्या तयार झाली. ऑर्गनायझेशन डेव्हलपमेंट हे तिचं नाव, या धंद्यातले लोक नुसतं ‘ओडी’ म्हणतात. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांना ती ओळखीची आहे. चाकणच्या लहान कारखानदाराला आणि तालुक्याच्या पतसंस्थेला मात्र ती महागड्या सल्लागारांची फॅशन वाटते. ते का वाटतं हेही समजण्यासारखं आहे. अनेक सल्लागार येतात, आठवडाभर मुलाखती घेतात, दीडशे पानांचा गुळगुळीत अहवाल देतात आणि बिल लावून जातात. अहवाल कपाटात जातो. पण अहवाल लिहिणं म्हणजे ओडी असं समजलं तर गल्लत होते.

या विद्येचा उगम सांगताना कुर्ट लेविनचं नाव पहिलं येतं. हा जर्मन ज्यू मानसशास्त्रज्ञ हिटलरच्या काळात अमेरिकेत गेला. महायुद्धात तिथे मांसाची टंचाई होती. काळीज, मूत्रपिंड असे लोक सहसा न खाणारे भाग घरोघरी शिजावेत अशी सरकारची इच्छा होती. लेविननं गृहिणींचे गट केले. काही गटांना जाणकारांनी व्याख्यान दिलं: पोषण किती, पैसे किती वाचतात, देशाला मदत कशी होते, पाककृतीसुद्धा. बाकीच्या गटांत व्याख्यान जवळजवळ नव्हतंच. बायकांनी आपसात चर्चा केली, घरचे काय म्हणतील, वास कसा घालवायचा, यावर बोलल्या आणि शेवटी कोण करून पाहणार म्हणून हात वर केले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी तो पदार्थ केला होता. चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी केला होता.

माहिती दोघींनाही मिळाली होती. ठरवण्याचं काम मात्र एकीनं स्वतः केलं होतं, दुसरीला ते तयार मिळालं होतं. आपल्याकडच्या कृषिमेळाव्यांची, ‘जनजागृती’ मोहिमांची आणि कंपन्यांतल्या सक्तीच्या प्रशिक्षणांची अवस्था या दोन आकड्यांत दिसते, असं मला नेहमी वाटतं.

दुसरा प्रसंग १९४६ सालचा, कनेटिकट राज्यातला. लेविन आणि सहकाऱ्यांनी समाजकार्य करणाऱ्यांचं शिबिर घेतलं होतं. दिवसा गटचर्चा व्हायच्या, रात्री संशोधक बसून कोणत्या गटात काय घडलं याच्या नोंदी ताडून पाहायचे. एका रात्री काही शिबिरार्थी तिथे येऊन बसले. स्वतःबद्दल चाललेलं बोलणं ऐकून एक बाई म्हणाल्या की तसं झालंच नव्हतं. वाद रंगला. दुसऱ्या रात्री आणखी लोक आले. लेविनच्या ध्यानात आलं की दिवसभराच्या शिकवण्यापेक्षा या रात्रीच्या बैठकीत माणसं जास्त शिकताहेत, कारण त्यांना आपलंच वागणं बाहेरून पाहायला मिळतंय. पुढच्या वर्षी मेन राज्यातल्या बेथेल गावी याच पायावर नियमित शिबिरं सुरू झाली. लेविन मात्र त्याआधीच, १९४७ च्या फेब्रुवारीत, वारला.

ओडीचं काम याच खटपटीतून उभं राहिलं. माहिती गोळा करायची, ती वरच्या साहेबाच्या हाती बंद लिफाफ्यात न देता ज्यांच्याबद्दल ती आहे त्या मंडळींसमोर ठेवायची, अर्थ त्यांनाच लावू द्यायचा, एक पाऊल टाकायचं, काय झालं ते पुन्हा मोजायचं. एडगर शाइन या अभ्यासकानं १९६९ साली सल्लागाराच्या भूमिकांची फोड केली. पहिली भूमिका जाणकाराची: तुम्हाला काय हवं ते तुम्ही ठरवा, मी पुरवतो. दुसरी डॉक्टरची: कुठे दुखतं ते सांगा, रोग मी ओळखतो आणि गोळ्याही मीच देतो. तिसऱ्या भूमिकेत सल्लागार म्हणतो, तुमचं दुखणं ओळखायला मी मदत करीन, पण ओळखायचं तुम्ही. पहिल्या दोन्ही भूमिका टाकाऊ नाहीत. धरणाच्या भिंतीला गळती लागली तर जाणकारच हवा, तिथे गावसभा भरवून उपयोग नाही. पण दुखणं माणसांच्या आपसातल्या व्यवहारात असेल तर बाहेरून दिलेली गोळी अंगी लागत नाही.

आपल्या शेजारचं उदाहरण अहमदाबादच्या कॅलिको गिरणीचं. तिथे १९५२ मध्ये स्वयंचलित माग आणले. यंत्र उत्तम, तरी उत्पादन आणि कापडाचा दर्जा अपेक्षेइतका वाढेना. मालक गौतम साराभाई यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या ए. के. राइस यांना बोलावलं. राइसना दिसलं ते असं: मागांच्या एका शेडमध्ये कामाचे तुकडे करून डझनभर वेगवेगळी पदं केली होती. कुणी फक्त तुटलेला धागा जोडणार, कुणी फक्त बॉबिन भरणार, कुणी फक्त तेल घालणार. प्रत्येकाच्या वाट्याला मागांची वेगळी संख्या. त्यामुळे एखाद्या मागाचं काम बिघडलं तर तो माग नक्की कुणाचा, हे सांगता येत नव्हतं. काही मागांवर एक छोटा गट आणि त्या गटाची एकत्र जबाबदारी, असं करून पाहावं, अशी राइसची सूचना होती. पुढे जे झालं ते मोठं रोचक आहे. कामगारांनी ती कल्पना उचलली आणि गट कोणाकोणाचे असावेत हे स्वतःच ठरवून टाकलं. १९५३ पासून हे गट चालले आणि सुरुवातीच्या धडपडीनंतर उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. राइसचे सहकारी एरिक मिलर १९७० च्या सुमारास तीच गिरणी पाहायला परत गेले, तेव्हा एका शेडमध्ये ती पद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकली होती आणि इतरत्र विरून गेली होती. सल्लागारांच्या जाहिरातीत ही दुसरी गोष्ट कधी येत नाही.

मुंबईत पवईच्या लार्सन अँड टुब्रोनं १९७४ साली अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना बोलावलं. प्रश्न साधा होता: कर्मचाऱ्यांचं वार्षिक मूल्यमापन सुधारायचं आहे. ठिकठिकाणच्या लोकांशी बोलल्यावर त्यांना दिसलं की फॉर्म बदलून भागणार नाही. साहेब वर्षभर माणसाशी त्याच्या कामाबद्दल बोलतच नसेल तर मार्चअखेरीच्या फॉर्मला अर्थ काय? मूल्यमापन, त्यावरची बातचीत, प्रशिक्षण, पुढची बढती हे सगळं एकमेकांत गुंफायला हवं, असं त्यांनी सांगितलं, आणि १९७५ पासून त्या कंपनीत एचआरडीचा, म्हणजे मनुष्यबळ विकासाचा, वेगळा विभाग उभा राहिला. दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानंही तेच नाव घेतलं. सल्लागाराला बोलावणारा जो प्रश्न सांगतो तो बहुधा खऱ्या प्रश्नाच्या शेजारचा असतो. अनुभवी माणूस तो प्रश्न धुडकावत नाही, त्याचंच बोट धरून आत शिरतो.

आता पुन्हा प्रवरेच्या काठी येऊ. ओडी हे नाव जन्मण्याच्या आधीच तिथे एक माणूस जवळपास हेच काम करत होता. धनंजयराव गाडगीळ १९३० साली पुण्यात सुरू झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्यांची पाहणी त्यांनी केली, तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. सरकार कालव्याची किंमत पाणीपट्टीच्या जमेवरून करत असे. गाडगीळांनी प्रत्यक्ष फायद्यांबरोबर अप्रत्यक्ष फायदेही मोजले: शेतीत वाढलेली कमाई, मजुरी, त्यातून गावच्या धंद्यांत फिरणारा पैसा. हा नुसता हिशेब नव्हता. आपण काय उभं केलंय हे या खोऱ्याला त्यात आकड्यांनिशी पाहायला मिळालं.

त्याच काळात, १९४५ साली, बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खन कालव्यांवरच्या बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष गाडगीळ. ऊस आपला, पाणी आपल्या नदीचं, मग कारखाना दुसऱ्याचा का, हा प्रश्न तिथे उघडपणे पुढे आला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील त्याआधी वीसेक वर्षं या प्रश्नाच्या अलीकडच्या पायऱ्या चढत होते. १९२३ मध्येच त्यांनी गावात सहकारी पतपेढी उभी केली होती, सावकाराच्या पाशातून सुटायला. शाळा फारशी शिकलेले नाहीत, पण कोणत्या गावात कोणाच्या ओसरीवर बसलं की शेअर जमतील हे पक्कं ठाऊक. कारखान्याचे भाग विकायला ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांचं भांडवल, सरकारचा हिस्सा आणि औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज मिळून प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले ऊस न पिकवणारे अर्थशास्त्रज्ञ गाडगीळ. शेजारी विखे पाटील.

या जोडीकडे मी सल्लागाराच्या धंद्याच्या नजरेनं पाहतो तेव्हा मला तीन गोष्टी दिसतात. गाडगीळ कुठल्याच गावचे, भावकीचे, गटाचे नव्हते. त्यामुळे काटा, भाव आणि तोडणीची पाळी या तीन भांडणाच्या जागांवर त्यांचा शब्द कोणाच्या बाजूचा समजला जात नसावा. त्यांच्याकडे खोऱ्याची स्वतः जमवलेली माहिती होती. आणि सल्ला देऊन ते पुण्याला परतले नाहीत, दहाएक वर्षं त्या खुर्चीत राहिले. शेवटच्या गोष्टीला पुस्तकी ओडी नाक मुरडेल. सल्लागारानं सत्तेच्या खुर्चीत बसू नये असा त्या शास्त्राचा दंडक आहे, आणि तो बरोबरही आहे. इथे तो मोडला तरी निभावलं, कारण घरचा माणूस विखे पाटलांच्या रूपानं तयार होता आणि १९६० नंतर सूत्रं त्यांच्याकडे गेली. बाहेरचा माणूस निघून गेल्यावर कोण चालवणार, हे तो आत येतानाच ठरलेलं होतं.

मग पाण्याचं काय? कारखान्याची घडी बसली, पण कालव्याची बसली नाही. गाव बागाईतदार झालं तरी कालवा सरकारचाच राहिला. कालव्याच्या तोंडाला असलेला शेतकरी उसाला भरपूर पाणी घेई आणि टेलचा शेतकरी आवर्तन संपेपर्यंत चारीकडे बघत राही. कालवे दुरुस्त करणं, अस्तर करणं, दारं बसवणं, सगळे उपाय स्थापत्याचे.

याच जिल्ह्यात मुळा धरणाच्या कालव्यावर नेवासा तालुक्यातल्या चांद्याजवळ एक वितरिका आहे, खात्याच्या भाषेत मायनर सात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या कासाड या अभ्याससंस्थेनं तिथे शेतकऱ्यांबरोबर बसून प्रयोग केला. पाणी आता अर्जावर एकरांत न मागता मायनरच्या तोंडाशी मोजून घ्यायचं, सगळ्यांनी मिळून घ्यायचं, आत कुणाला किती आणि कधी हे शेतकऱ्यांच्या संस्थेनं ठरवायचं, पाणीपट्टी संस्थेनं भरायची. ऐकायला सोपं आहे. पण यात पाटबंधारे खात्याला आपलं काम बदलावं लागतं. आजवर एकेका शेतकऱ्याला पाणी देणारा अधिकारी आता घाऊक पाणी देतो, आणि चारीवरचा त्याचा अधिकार, त्याबरोबरचा मानसुद्धा, जातो. शेतकऱ्याला बदला म्हणणं सोपं, खात्याला बदला म्हणणारा सल्लागार विरळा.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर हेच काम जास्त खोल गेलं. त्याच जिल्ह्यातल्या (संगमनेरच्या नव्हे) ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास सुरुवात केली ती कालव्याच्या शेपटाला. ज्यांना कधीच पाणी मिळत नव्हतं त्यांच्या तीन संस्था आधी उभ्या राहिल्या. सुरुवात कुठून करायची, हा ओडीतला फार मोठा प्रश्न असतो. ज्याला आहे त्या व्यवस्थेत सुख आहे त्याच्यापासून केली तर तो चहा पाजतो आणि काही करत नाही. ज्याला सगळ्यात जास्त दुखतंय तो चालायला तयार असतो, फक्त त्याच्याजवळ ताकद नसते. वाघाडच्या शेपटाच्या संस्थांनी पाण्याचा हक्क कागदावर मिळवला आणि पाणी येऊ लागलं, तेव्हा वरच्यांना कळलं की न जुळण्यात आता आपलंच नुकसान आहे. पुढच्या दशकभरात २४ संस्था झाल्या आणि सगळ्या मिळून आख्ख्या प्रकल्पाची एक संस्था.

या अनुभवांतून महाराष्ट्रानं २००५ साली सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या तोंडाचे, मधले आणि शेपटाचे अशा तिन्ही भागांतले प्रतिनिधी हवेत, अशी तरतूद त्यात आहे. ज्यानं लिहिली त्याला कालव्याची भांडणं माहीत होती. पण कायदा झाल्यावर संस्था भराभर नोंदल्या गेल्या, उद्दिष्ट पूर्ण करायचं म्हणून. त्यांतल्या बऱ्याच कागदावरच राहिल्या. वाघाडला आधी बैठका झाल्या आणि नोंदणी मागून आली. इतरत्र नोंदणी आधी झाली आणि बैठका राहून गेल्या.

सहकारी साखर कारखान्यांचं पुढे जे झालं तेही याच हिशेबात बसतं. प्रवरेच्या यशानंतर महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. त्यांनी शाळा, दवाखाने, रस्ते उभे केले, हे कुणी नाकारू नये. पण अनेक कारखाने कर्जात बुडाले, काही भाड्यानं गेले, काही विकले गेले. कारणं बरीच आहेत: साखरेचे भाव, दुष्काळ, सरकारी धोरण, राजकारण. संस्थेच्या आतलं एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. पहिल्या पिढीच्या सभासदानं घरातला पैसा आणि नाव दोन्ही पणाला लावून भाग घेतला होता. तो वार्षिक सभेत भाव का कमी दिला म्हणून उभा राहून विचारत असे. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला भाग वारशानं मिळाला. सभेचा विषय जेवणावळ आणि मंजूर-मंजूर एवढाच झाला. गाडगीळांनी खोऱ्यासमोर धरलेला आरसा पुन्हा कुणी धरला नाही. ओडीवाले ज्याला संस्थेचं नूतनीकरण म्हणतात ते एकदा करून संपत नाही. कॅलिकोच्या इतर शेडमध्ये जे वीसेक वर्षांत झालं ते साखरेत पन्नास वर्षांत झालं.

आणि कुणाला आत धरायचं हा प्रश्न तर अजून सुटलेला नाही. भंडारदऱ्याचा कारभार म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे लाभक्षेत्र येतं, म्हणजे संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा. धरणाच्या पाणलोटातली महादेव कोळी आणि ठाकर वस्ती त्यात नव्हती. तिची जमीन पाण्याखाली गेली आणि पाणी खाली गेलं. गेल्या काही वर्षांत हक्कदार आणखी वाढले. प्रवरेवरच निळवंडे धरण झालं. १९७० मध्ये मंजूर झालेल्या त्या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचं २०२३ साली लोकार्पण झालं. खाली जायकवाडीत पाणी कमी असलं तर वरच्या धरणांतून सोडायचं, हे २०१४ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशानंतर दर टंचाईच्या वर्षी नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असं पेटतं. १९२६ साली एका नदीच्या दोन कालव्यांसाठी आखलेल्या कारभारात आता आख्खं गोदावरी खोरं बसवायचं आहे, आणि त्याचं एकत्र बसून बोलण्याचं ठिकाण आज बहुतेक वेळा न्यायालय आहे.

धरणाच्या काठी, पाणलोटातच, आता एक अगदी नवा धंदा उभा राहिला आहे. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये पहिल्या पावसाआधी शेंडीपासून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, रतनवाडीपर्यंतच्या झाडांवर काजवे चमकतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, अख्खं झाड एकदम पेटतं आणि एकदम विझतं. ते पाहायला मुंबई-पुण्याहून गाड्यांची रीघ लागते. गावातल्या पोरांनी तंबू घेतले, ज्यांच्याकडे पाण्याकाठची जमीन आहे त्यांनी कॅम्प टाकले, बायका भाकरी-पिठलं रांधू लागल्या. पण हेडलाइट आणि मोबाइलचा उजेड काजव्यांच्या मीलनाच्या आड येतो, रात्री घाटात गाड्या अडकतात, प्लास्टिक आणि बाटल्या मागे राहतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, त्यामुळे वनखातं बंधनं घालतं. बंधनं आली की कॅम्पवाले म्हणतात पोटावर पाय, आणि खातं म्हणतं शिस्त नाही. कालव्यावरच्या अधिकारी-शेतकरी भांडणाची हीच धाटणी होती.

इथे एखाद्या ओडीच्या माणसाला बोलावलं, तर त्याला काय करता येईल? तो ‘पर्यटन आराखडा’ लिहून देणार नाही अशी आशा करू. पहिला हंगाम त्यानं नुसतं विचारत फिरावं. तंबूमागे किती सुटतात, जमीनमालकाला किती, एजंटाला किती, भाकरी करणाऱ्या बाईला किती, वनरक्षकाला रात्री किती वाजेपर्यंत जागावं लागतं, ज्या घराची जमीन पाण्याकाठी नाही त्याला या धंद्यातून काय मिळतं. मग ते आकडे सगळ्यांना एकत्र बसवून दाखवावेत. दाखवताना खळखळ होईलच. कुणीतरी उठून म्हणेल, असं काही होत नाही, आणि कनेटिकटच्या त्या बाईंच्या वेळी झाला तसा तिथेच खरा वाद सुरू होईल. वाघाडचा धडा पाळायचा तर सुरुवात सगळ्यात मोठ्या कॅम्पवाल्यापासून करू नये. आधी धरावं ते भाकरी करणाऱ्या बायकांच्या गटाला, किंवा आडबाजूच्या ज्या गावात गाडीच थांबत नाही त्याला.

याच तालुक्यात पुरुषवाडीला ग्रासरूट्स या संस्थेनं गावाबरोबर काम करून पाहुणे घरोघर आळीपाळीनं जातील आणि निर्णय गावची समिती घेईल अशी पद्धत लावली. तिथे एकच गाव होतं. धरणाच्या कडेला आठ-दहा गावं आहेत, बाहेरचं भांडवल आहे आणि हंगाम अवघ्या चार आठवड्यांचा आहे. त्यामुळे पहिल्या वर्षी सगळं ठरवायला जाऊ नये. ठरवण्यासारख्या गोष्टी दोन: किती वाजल्यानंतर एकही गाडी आत सोडायची नाही, आणि झाडाखाली उजेड करणाऱ्या पाहुण्याला कोणी हटकायचं. हटकायचं काम गावच्या मुलानं केलं तर पाहुण्यावर एक परिणाम होतो, वनरक्षकानं केलं तर दुसरा. कोणता बरा, हे गावातच एकदा हात वर करून ठरावं. जूनअखेर पुन्हा बसून किती गाड्या परत गेल्या आणि किती पैसे बुडाले ते मोजावं. आणि दुसऱ्या वर्षीच्या बैठकीला तो सल्लागार कोपऱ्यात बसलेला असावा. फळ्यापाशी मुरशेतची किंवा उडदावण्याची एखादी मुलगी खडू घेऊन उभी असावी.